भारत आणि ब्राझील: उच्च शिक्षणावरील सरकारी खर्चाची तुलना कशी करावी?

प्रश्न (एम. ए. विद्यार्थिनी, रावपुरा, वडोदरा)
नमस्कार. लघुप्रबंधासाठी मी भारत आणि ब्राझील यांच्या उच्च शिक्षणावरील सरकारी खर्चाची तुलना करीत आहे. दोन्ही संघराज्ये आहेत आणि दोन्हीकडे खासगी संस्था मोठ्या प्रमाणावर आहेत, म्हणून ही जोडी निवडली. दोन्ही केंद्र सरकारांच्या तरतुदींचे राष्ट्रीय उत्पन्नाशी प्रमाण काढले, तर पुरेसे होईल का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, दांडिया बाजार)
नाही, कारण या पद्धतीने भारताचा खर्च प्रत्यक्षाहून बराच कमी दिसेल. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्ये दोघांच्याही अधिकारातील विषयांच्या यादीत, गेले असले, तरी राज्य विद्यापीठांचा आणि अनुदानित महाविद्यालयांच्या पगाराचा मुख्य भार आजही राज्येच उचलतात. नीती आयोगाच्या फेब्रुवारी २०२५ च्या अहवालानुसार देशातील ८१ टक्क्यांहून अधिक विद्यार्थी राज्यांच्या सार्वजनिक विद्यापीठांच्या छत्राखाली शिकतात. १९४९ मध्ये स्थापन झालेले आपले महाराजा सयाजीराव विद्यापीठही राज्य विद्यापीठच आहे, त्यामुळे त्याच्यावरील खर्च मुख्यतः गांधीनगरच्या अर्थसंकल्पात शोधावा लागेल. ब्राझीलमध्ये मात्र प्रत्येक राज्यात संघ सरकारचे किमान एक विद्यापीठ आहे आणि त्याचे पगार संघाच्या तिजोरीतून होतात. म्हणून केंद्र आणि राज्ये यांची बेरीज केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

उत्तर (अलकापुरी)
भाजक कोणता घेता, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ब्राझीलच्या १९८८ च्या संविधानाने सरकारी संस्थांतील शिक्षण विनाशुल्क ठेवले आहे, परंतु तेथील तीन चतुर्थांशाहून अधिक विद्यार्थी खासगी संस्थांत शिकतात. सरकारी खर्चाला सर्व विद्यार्थ्यांच्या संख्येने भागले, तर सरकारी विद्यापीठांतील दरडोई खर्च झाकला जातो. त्या मोजक्या जागा मिळतात कोणाला, हा मला सर्वांत कळीचा प्रश्न वाटतो. म्हणूनच २०१२ च्या कायद्याने संघीय विद्यापीठांतील निम्म्या जागा सरकारी शाळांतून आलेल्या मुलांसाठी राखून ठेवल्या.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. मग भारतातील शिक्षणविषयक कोठारी आयोगाचे, राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्चाचे उद्दिष्ट मापदंड म्हणून घेता येईल का?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, दांडिया बाजार)
येथे ते लागू होत नाही. ते उद्दिष्ट प्राथमिक शाळांपासून विद्यापीठांपर्यंतच्या संपूर्ण शिक्षणासाठी आहे, आणि ब्राझीलच्या २०१४ च्या राष्ट्रीय शिक्षण योजनेतील दहा टक्केही तसेच. त्यापेक्षा निधीची हमी तपासा, असे मी आग्रहाने सांगेन. साओ पावलो राज्याच्या तीन विद्यापीठांना राज्याच्या मुख्य विक्रीकराच्या उत्पन्नातील राज्याच्या वाट्याचा ९.५७ टक्के हिस्सा १९९५ पासून मिळत आला आहे. त्यामुळे पैसा दरवर्षी मागावा लागत नाही, मात्र मंदीत करवसुली घटली की विद्यापीठाचे उत्पन्नही घटते. शिवाय २०२३ च्या करसुधारणेनुसार हा कर २०३३ पर्यंत टप्प्याटप्प्याने रद्द होणार असल्याने या हमीचा पायाच बदलतो आहे. आपल्याकडील राज्य विद्यापीठांचे अनुदान दरवर्षीच्या अर्थसंकल्पावर अवलंबून असते. म्हणून एका वर्षाचा आकडा न घेता किमान दहा वर्षांची मालिका, महागाई वजा करून, मांडा. निवृत्तिवेतनाचा रकाना वेगळा ठेवा, कारण ब्राझीलच्या सरकारी विद्यापीठांच्या खर्चात तो मोठा असतो.