फुफ्फुसाच्या बायोप्सीचा तुकडा ईजीएफआर या जनुक-तपासणीपर्यंत पुरवायचा कसा?

निवासी_छातीविकार: सीटी-गायडेड बायोप्सीत अॅडेनोकार्सिनोमाचं (फुफ्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार) निदान होतं, पण औषध निवडायला लागणाऱ्या ईजीएफआर, एएलके (जनुकं) आणि पीडी-एल१ (प्रथिन) तपासण्यांची वेळ आली की ब्लॉक (तुकडे बसवलेली मेणाची वडी) संपलेला असतो. १८ गेजची सुई, चार तुकडे, सगळे एकाच बाटलीत १० टक्के फॉर्मालिनमध्ये (ऊती टिकवणारा द्रव). चुकतं कुठे?

हिस्टो_टेक: चारही तुकडे एकाच ब्लॉकमध्ये बसवत असाल तर तिथेच. दोन-दोन करून दोन कॅसेटमध्ये (तुकडे ठेवायच्या जाळीदार डब्या) घाला. एक निदानाला, दुसरा राखीव. तुकडा जेमतेम मिलिमीटरभर जाड. ब्लॉक मायक्रोटोमवर (काप काढायचं यंत्र) पुन्हा चढवला की पातळी जुळवतानाच बराच छाटला जातो. म्हणून एका बैठकीतच एच अँड ई (निदानाचा नेहमीचा रंग) कापांसोबत ४ मायक्रॉनचे दहा-पंधरा कोरे, न रंगवलेले काप काढून ठेवा. कॅसेटमध्ये स्पंज नको, त्याचे त्रिकोणी ठसे उमटतात. फिल्टर पेपरात गुंडाळा.

फॉर्मालिन बफर केलेलं आहे का? नुसत्या पाण्यात केलेलं आम्लधर्मी होतं, काळपट रंगकण दिसतात आणि डीएनए तुटतो. एका लिटरला: बाजारातलं ३७-४० टक्क्यांचं फॉर्मालिन १०० मिली, पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट (मोनोहायड्रेट) ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. तुकड्याच्या किमान दहापट द्रव हवा, वेळ ६ ते ४८ तास. शनिवारी सकाळची बाटली सोमवारी दुपारी उघडली तर मर्यादा ओलांडलीच. बाटलीवर तुकडा टाकल्याची वेळ लिहाच.

पॅथॉलॉजी_वाचक: वरच्याशी सहमत, पण काप सर्वाधिक खातो तो आमचाच विभाग. पेशींच्या आकारावरून कर्करोगाचा प्रकार ठरत नसेल तर टीटीएफ-१ आणि पी४० एवढेच मार्कर (प्रकार ओळखायच्या प्रथिन-चाचण्या) आधी करा. सरसकट आठ-दहा मार्कर मागवू नका. पीडी-एल१च्या २२सी३ या चाचणीला किमान १०० जिवंत गाठपेशी लागतात, मृत ऊतीचा तुकडा कितीही लांब असला तरी उपयोग नाही. म्हणून सुई गाठीच्या मध्यातल्या मृत भागात नाही, कडेला जाऊ द्या.

आणि आपल्याकडे क्षयाची शंका असतेच. त्यासाठी एक तुकडा वेगळ्या निर्जंतुक बाटलीत, सलाइनमध्ये, लगेच पाठवा. फॉर्मालिनमध्ये बुडालेल्यातून कल्चर (जंतू वाढवून पाहणं) होत नाही.

निवासी_छातीविकार: मणक्यातल्या मेटास्टॅसिसचा (तिथे पसरलेल्या कर्करोगाचा) तुकडा असेल तर?

हिस्टो_टेक: हाड मऊ करायला नायट्रिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल वापरलं की डीएनए गेलाच समजा. मऊ भाग आधी वेगळा काढून थेट प्रोसेसिंगला द्या, उरलेलं ईडीटीएत (हाडातलं कॅल्शियम हळूहळू काढणारं रसायन) ठेवा. वेळ जास्त लागतो, तो लागू द्या. मागणीपत्रावर 'जनुकीय तपासणी अपेक्षित' असं लिहिलेलं नसेल तर घाईत आम्लच वापरलं जातं.