मदत हवी आहे : विस्कॉन्सिनमधील आइस एज ट्रेलचा कोणता भाग चालावा?

नमस्कार.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या आइस एज नॅशनल सीनिक ट्रेल या वाटेचा काही भाग येत्या ऑक्टोबरमध्ये चालण्याचा माझा आणि पत्नीचा विचार आहे. ज्यांनी ही वाट प्रत्यक्ष चालली आहे, त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

स्टर्जन बेजवळच्या पोटावाटोमी स्टेट पार्कपासून सेंट क्रॉय फॉल्सच्या इंटरस्टेट स्टेट पार्कपर्यंत ही वाट सुमारे १,२०० मैल जाते. शेवटच्या हिमयुगात बर्फाचा थर जिथपर्यंत येऊन थांबला, साधारण त्या सीमेच्या कडेने ती आखलेली आहे. ती पूर्ण करण्याचा आमचा हेतू नाही. बर्फाने घडवलेली भूरूपे चालता चालता ओळखता यावीत, हीच आमची इच्छा आहे आणि त्याच निकषावर भाग निवडायचा आहे.

पहिला पर्याय केटल मोरेन स्टेट फॉरेस्टच्या उत्तर विभागाचा आहे. ग्रीन बे आणि लेक मिशिगन या हिमस्तराच्या दोन शाखा जिथे एकमेकींना भिडल्या, तिथे त्यांच्यामध्ये साचलेल्या वाळू-दगडगोट्यांची ही डोंगररांग झाली. गाळात गाडले गेलेले बर्फाचे मोठे तुकडे पुढे वितळल्यामुळे तिथे जागोजागी केटल म्हणून ओळखले जाणारे खोल खड्डे आहेत. पार्नेल एस्कर ही बर्फाखालून वाहणाऱ्या प्रवाहाने मागे ठेवलेली नागमोडी, अरुंद टेकडीही याच भागात असून वाट तिच्या माथ्यावरून जाते.

दुसरा पर्याय डेव्हिल्स लेकचा. क्वार्टझाइट या कठीण खडकाच्या सुमारे ५०० फूट उंच कड्यांमधील दरीची दोन्ही तोंडे हिमोढांनी, म्हणजे बर्फाने आणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगांनी, बंद झाली आणि त्यामुळे हे तळे तयार झाले. बर्फ कुठवर आला होता, हे इतक्या ठळकपणे दाखवणारी जागा दुसरी क्वचितच असेल. मात्र ऑक्टोबरमधील शनिवार-रविवारी तिथे फार गर्दी असते असे ऐकून आहे.

तिसरा पर्याय न्यू ऑबर्नजवळच्या चिपेवा मोरेनचा आहे आणि माझे मन तिकडेच अधिक ओढ घेते. स्थिरावलेल्या बर्फाच्या पोकळ्यांत तिथे तळी होती व त्यांच्या तळाशी गाळ साचत गेला. पुढे सभोवतालचा बर्फ वितळल्यावर तो गाळ सपाट माथ्याच्या टेकड्यांच्या रूपाने उभा राहिला. म्हणजे एके काळी जो तळ्याचा तळ होता, तोच आज आसपासच्या जमिनीहून उंच आहे. अशी उलटापालट केवळ नकाशावर पाहून माझे समाधान होत नाही. पण नवख्या माणसाला ही रूपे जमिनीवरून खरोखर ओळखू येतात का, की गर्द झाडीत सगळे सारखेच दिसते, हा माझा मुख्य प्रश्न आहे. पानगळ झाल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीस, उतारांचे आकार अधिक स्पष्ट दिसतात का? नोव्हेंबरच्या उत्तरार्धात बंदुकीने हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि खासगी जमिनींवरून जाणारे काही टप्पे त्या काळात बंद असतात, म्हणून त्याच्या आधीच परतायचे आहे. तरीही शिकारीचे इतर हंगाम ऑक्टोबरमध्ये चालू असतात, तेव्हा भडक नारिंगी जाकीट रोजच घालावे का?

वाट अजून सलग नाही; बांधून झालेल्या टप्प्यांना गाडीरस्त्यांचे दुवे जोडतात. असे रस्ते आम्ही टाळणार आहोत. पण मग एका टप्प्याच्या शेवटी पोहोचल्यावर मागे ठेवलेल्या गाडीपर्यंत परत येण्याची सोय लोक कशी करतात? स्थानिक स्वयंसेवक यात मदत करतात का, की त्याच वाटेने परतण्याचाच हिशेब धरावा?

मुक्कामाबाबतही थोडे विचारायचे आहे. केटल मोरेनमधील निवारे आधी आरक्षित करावे लागतात, हे ठाऊक आहे. या काळात आठवड्याच्या मधल्या दिवसांत ते सहज मिळतात का, आणि जवळ पिण्याचे पाणी असते का? गोचिड्यांचा त्रास थंडीतही पूर्ण संपत नाही असे वाचले आहे. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाच्या भीतीने पत्नी साशंक आहे, त्यामुळे कपडे आणि फवारणीबाबत प्रत्यक्ष अनुभवातून सांगितल्यास तिला धीर येईल.

शक्यतो एकच भाग निवडून तो सावकाश पाहायचा आहे. आपण तिथे जाऊन आला असाल, तर तीनपैकी कोणता भाग निवडाल आणि का, हे कृपया सविस्तर लिहावे.