सिन्नर-येवल्याकडचे बोडके माळ: पाऊस कमी, की जमीन वापरण्यात चूक?

सिन्नरकर: इगतपुरीत वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस, येवला-नांदगावकडे ५०० च्या आसपास. मग पूर्वेकडचे माळ उजाड होण्याला फक्त पर्जन्यछाया कारण, की पिढ्यान्‌पिढ्यांची चराई आणि नांगरटही? असंच चाललं तर इथे वाळवंट होईल का?

माळगवत: वाळूचे ढिगारे होणार नाहीत. पण १९९४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार कोरड्या-निमकोरड्या भागातल्या जमिनीचा कस जाणं म्हणजेच वाळवंटीकरण, आणि ते आपल्याकडे चालू आहे. पर्जन्यछाया सह्याद्रीइतकी जुनी. माळ बोडके झाले ते माणसामुळे. गुरं आधी पवन्या आणि मारवेल खातात. बी धरायच्या आत चरून गेलं की ही गवतं हटतात, कुसळी पसरते, पुढे तीही विरळ होते. मग थेंब थेट मातीवर आपटतो, उडालेले बारीक कण छिद्रं बुजवतात आणि वर पापडी धरते. पाणी मुरत नाही, माती घेऊन वाहतं. खाली वीतभरावर मुरूम असला की तेवढ्याच पावसात जमीन लवकर सुकते. अमेरिकेत १९३० च्या दशकात गव्हासाठी गवताळ मैदानं नांगरली, त्यात दुष्काळ पडला आणि माती वाऱ्याने नेली.

पाटपाणी: जास्त पाण्यानेही जमीन मरते, हे विसरू नका. भारी काळ्या रानात निचरा नसताना पाटाचं पाणी देत राहिलं की भूजल वर येतं, पाणी उडून जातं, क्षार वर राहतात. कापसासाठी १९६० नंतर नद्यांचं पाणी वळवलं आणि अरल समुद्र आटला. त्याच्या तळाचं आज खारट धुळीचं वाळवंट झालंय.

चोपण, म्हणजे सोडियम साठून बिघडलेली जमीन, ओळखायला वाटाण्याएवढं सुकं ढेकूळ पेल्यात पावसाच्या पाण्यात ठेवा, हलवू नका. दुसऱ्या दिवशी भोवती गढूळ ढग दिसला तर सोडियमची शंका घ्या आणि माती तपासून घ्या. विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना धरून बसलेला) १५ टक्क्यांच्या वर असेल तर जमीन चोपण. पण आधी निचऱ्याचे चर, मगच जिप्सम. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला कणांवरून सोडवतं; सुटलेल्या सोडियमला बाहेर जायला वाट नसेल तर जिप्समचा खर्च वाया जातो.

सिन्नरकर: आणि माळावर सुरुवात कशाने करायची?

माळगवत: चराईबंदीने, निदान २-३ पावसाळे. जोडीला ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले. पातळी पाण्याच्या नळीनेच काढा; नजरेने काढलेल्या चरात पाणी एका टोकाला साचतं आणि तिथेच फुटतं. निघालेली माती उताराच्या खालच्या अंगाला टाका. वरच्या अंगाला टाकली तर पहिल्या जोरदार सरीत परत चरात येते. त्याच भरावावर पाऊस लागला की मारवेलची ठोंबं लावा.