नदीतले टायटेनियम डायऑक्साइड नॅनोकण: मॉडेलमध्ये गाळाला चिकटतच नाहीत

मुठाकाठ: सनस्क्रीन-रंगांतून सांडपाण्यावाटे मुळा-मुठेत येणाऱ्या कणांचं मॉडेल एक्सेलमध्ये करतोय. नॅनोकण १०० नॅनोमीटर. गाळ २० मिग्रॅ/लिटर, गाळकण ५ मायक्रॉन, घनता २००० किग्रॅ/घनमीटर. पाणी २५ अंश, जी (प्रवाहातल्या घसटीचा दर) = १० प्रतिसेकंद, अल्फा (आदळलेल्यांपैकी चिकटणाऱ्यांचा वाटा) ०.१. चिकटण्याचं अर्धायुष्य (निम्मे नॅनोकण गाळाला चिकटायला लागणारा वेळ) सुमारे दोन वर्षं येतंय, म्हणजे सगळा माल थेट उजनीत! त्यापेक्षा सरळ केडी (गाळ आणि पाणी यांतल्या वाटणीचं गुणोत्तर) वापरू का?

गाळमित्र: केडी नको. तो विरघळलेल्या पदार्थाच्या समतोलासाठी असतो. नॅनोकण समतोलाला पोचत नाहीत. आदळतात, चिकटतात, खाली बसतात. सिंपलबॉक्स-फोर-नॅनो हे नॅनोकणांचं पर्यावरणातलं मॉडेलही म्हणूनच वेगाचे स्थिरांक वापरतं.

घोळ एककांचा दिसतोय. तुमचा एक गाळकण साधारण १.३ गुणिले १० चा -१३ वा घात किलोचा, म्हणजे घनमीटरमागे सुमारे १५,००० कोटी कण. तुम्ही बहुधा लिटरमागचा आकडा घातलाय. ब्राउनियन (कणांची आपसूक थरथर), प्रवाहातली घसट आणि बसण्याच्या वेगातला फरक या तिन्ही टकरींची बेरीज करा: अंदाजे ७ गुणिले १० चा -१६ वा घात घनमीटर/सेकंद. त्याला कणसंख्येने आणि अल्फाने गुणलं की अर्धायुष्य १८ तासांच्या आसपास.

मुठाकाठ: लिटरच होतं. १८ तास आले.

दगडफूल: त्या १८ तासांवर विसंबू नका. अल्फा ०.००१ धरला तर तेच अडीच महिने होतात. कॅल्शियम वाढलं की अल्फा सहसा वाढतो. सेंद्रिय आम्लांचा लेप बसला की घटतो. त्यामुळे ०.००१ ते १ असा पल्ला चालवा आणि पावसाळ्यातला गाळ वेगळा घ्या, वार्षिक सरासरी नको.

खरी पंचाईत पडताळणीत आहे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये साधारण २-३ टक्के टायटेनियम डायऑक्साइड असतं. त्याच खडकाचा २० मिग्रॅ गाळ म्हणजे लिटरमागे ४०० ते ६०० मायक्रोग्रॅम नुसतं नैसर्गिक. त्यात सनस्क्रीनचा वाटा दिसणारच नाही, एकूण टायटेनियम मोजून मॉडेल बरोबर-चूक ठरवू नका. टायटेनियम-नायोबियम गुणोत्तर पाहा: नैसर्गिक खनिजांसोबत नायोबियम येतं, कारखान्यातल्या शुद्ध मालात ते जवळपास नसतं. पार्श्वभूमीचं गुणोत्तर मात्र नाल्यांच्या वरच्या अंगाच्या गाळातून घ्या, पुस्तकातून नको.