परराष्ट्र धोरणात राज्यांनी बोलूच नये का?

मिरजेचा वकील:
काल इथं एकांनी लिहिलं, "परराष्ट्र धोरण दिल्लीनंच ठरवावं, राज्यांनी लुडबुड केली की देशाची पत जाते." राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय. २०११ ला ममतांनी बांगलादेशाबरोबरचा तिस्ता नदीच्या पाणीवाटपाचा करार अडवला, हे सगळ्यांना पाठ आहे. १९९६ च्या गंगेच्या पाणीवाटप कराराआधी बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू स्वतः ढाक्याला गेले होते, ते कुणी सांगत नाही. ज्याच्या रानाचं पाणी जाणार, त्याला विचारायला नको?

वाईकर:
ते मीच लिहिलंय आणि त्यावर ठाम आहे. कलम २५३ वाचा. करार पाळण्यासाठी संसद राज्यांच्या विषयावरही कायदा करू शकते. २०१३ ला श्रीलंकेतल्या तमिळांच्या प्रश्नावरून तमिळनाडूच्या द्रमुकनं केंद्र सरकारचा पाठिंबा काढला आणि पुढं कोलंबोच्या राष्ट्रकुल परिषदेला पंतप्रधान गेलेच नाहीत. तिकडं चीन बंदरं बांधत होता. शेजाऱ्यानं बोलायचं कुणाशी, दिल्लीशी की चेन्नईशी?

विटेकर:
आमचा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा, दुकान तमिळनाडूत रामनाथपुरमला. मासेमार नवरा लंकेच्या तुरुंगात, बोट जप्त, आणि बाई कानातलं मोडायला आमच्या काउंटरवर उभी, हे मी बघत मोठा झालो. १९७४ ला कच्चतीवू बेट लंकेला दिलं, १९७६ च्या करारानं सागरी सीमेपलीकडची मासेमारीही गेली. त्या वेळी तमिळनाडूत राष्ट्रपती राजवट होती, विधानसभा बरखास्त. विचारणार कुणाला? आणि परराष्ट्रमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण.

वाईकर:
साहेबांना यात ओढू नका! आणीबाणीतले निर्णय कुठं होत होते, ते सगळ्यांना माहीत आहे.

विटेकर:
साहेबांबद्दल मलाही आदर आहे. पण आपला माणूस खुर्चीवर असला म्हणून त्या बाईनं गप्प बसायचं का?

तासगावचा बागायतदार:
तमिळनाडू ओरडतो म्हणून दिल्ली ऐकते तरी. आमचं कोण ऐकतंय? अफगाणिस्तानशी दोस्ती म्हणून तिकडचा बेदाणा सवलतीत येतो, अन् आमचा कोल्ड स्टोअरेजला पडून. तिकडं बांगलादेश द्राक्षावर कर लावतो.

वाईकर:
विषय बेदाण्याचा नाही.

तासगावचा बागायतदार:
कसा नाही? डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद केली. मग एप्रिल २०२४ ला गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २००० टनांची परवानगी, नाशिकचा लाल कांदा चाळीत. राज्याराज्यात फरक दिल्लीच करते, अन् बोललो की आम्ही देशाची पत घालवतो? बागेच्या औषधाची उधारी माझ्या डोक्यावर आहे, तुमच्या नाही.

वाईकर:
माझंही घर शेतीवरच चालतं, मला शिकवू नका. पांढऱ्या कांद्याचं चुकलंच. पण तो व्यापाराचा निर्णय होता, परराष्ट्र धोरण नव्हे.

मिरजेचा वकील:
आपला कांदा ढाक्याला जातो की नाही, यावर तिथल्या बाजारात आपल्याबद्दल काय बोलतात ते ठरतं. हे परराष्ट्र धोरण नाही तर काय? आणि विचारल्यानं करार मोडत नाहीत. बांगलादेशाबरोबर एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या वस्त्यांची अदलाबदल करणाऱ्या भू-सीमा करारालाही ममतांचा आधी विरोधच होता. तिथून येणाऱ्या लोकांच्या पुनर्वसनाचा खर्च केंद्रानं उचलला, त्यांनी होकार दिला आणि २०१५ ला घटनादुरुस्ती संसदेत एकमतानं झाली.

वाईकर:
पाणी, सीमा, मासेमारी यांत आधी विचारावं, इथवर ठीक. शेवटची सही दिल्लीचीच. नकाराधिकार मी मान्य करणार नाही.

विटेकर:
नकाराधिकार मागितलाय कुणी? १९७६ ला विचारलंसुद्धा नव्हतं, एवढंच म्हणतोय.

तासगावचा बागायतदार:
अन् तुमच्या त्या यादीत बेदाणा नाहीच. घाला.