फाउंड्रीत एआय घ्यावं का? दोन वर्षांचा डेटा मागतायत

शिरोलीकर
नमस्कार मंडळी. कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत आमची ग्रे आयर्नची लहान फाउंड्री आहे, म्हणजे वाळूच्या साच्यात बीड ओतायचा कारखाना. महिन्याला ९० टनांच्या आसपास माल, ४२ माणसं, काम पंपाचं आणि ट्रॅक्टरचं. रिजेक्शन सात टक्क्यांवर अडकून बसलंय, त्यातलं निम्मं ब्लोहोलचं, म्हणजे ओतताना आत वायू अडकून पडणाऱ्या भोकांचं. आमच्याकडं ते दिसतच नाही. गिऱ्हाइकाच्या मशीन शॉपला वरची कातडी निघाली की भोक उघडं पडतं आणि पंधरा दिवसांनी डेबिट नोट येते, म्हणजे आमचे पैसे कापले जातात. तोवर त्या दिवशी वाळू कशी होती, हे कुणाला आठवणार?

परवा एक जण लॅपटॉप घेऊन आला. वाळूचं मॉइश्चर (ओलावा, टक्क्यांत), कॉम्पॅक्टेबिलिटी (वाळू दाबली की किती बसते ते), पोअरिंग टेंपरेचर असं सगळं दोन वर्षांचं द्या, कुठल्या हीटला (भट्टीच्या घाणीला) भोकं पडणार ते आमचं एआय आधीच सांगेल, म्हणे. वर्षाला साडेचार लाख. धाकटा भाऊ म्हणतोय घेऊन टाकू. मोह मलाही होतोय, पण एवढ्या पैशात फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायला) वर्षभर दोन माणसं जादा ठेवता येतात. कुणी वापरलंय का?

भोसरी_क्वालिटी
आम्ही मशीनिंगवाले, म्हणजे तुमच्यासारख्यांच्या भोकांचे गिऱ्हाईक!

आम्ही तपासणीला एआयचा कॅमेरा बसवला होता. पहिले दोन आठवडे झकास. मग कास्टिंगची नवी लॉट आली, शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून साफ करणं) जरा जास्त झालेलं, पृष्ठभाग चकचकीत. कॅमेऱ्यानं चांगले पार्ट धडाधड लाल केले. दुपारी खिडकीतनं ऊन आलं की आणखी लाल. शेवटी पत्र्याची पेटी करून आत स्वतंत्र दिवे लावले, तेव्हा गाडी रुळावर आली. पेटी आमच्या वेल्डरनं केली, तिचा खर्च कोटेशनमध्ये कुठंच नव्हता.

वर्षाचे पैसे आधी देऊ नका. ज्या पार्टाला सगळ्यात जास्त मार बसतोय तो एकच घ्या, तीन महिने चालवून बघा.

हिशेबवाली
सांगलीच्या एका वर्कशॉपचं ऑफिस सांभाळते. आमच्याकडं एआय शॉप फ्लोअरवर नाही, माझ्या टेबलावर आहे. गिऱ्हाइकांच्या इंग्रजी मेलला उत्तरं, कोटेशनचा मसुदा, यात रोजचा तासभर वाचतो. पैसे थकवणाऱ्या एका पार्टीला पत्र लिहायचं होतं. चॅटबॉटनं भाषा अशी टणक दिली की मीच खूश झाले. पण व्याजाचा दर सरळ १८ टक्के ठोकून दिला होता. आमच्या सीएंनी पकडलं. लघुउद्योगांच्या एमएसएमईडी कायद्यात पैसे ४५ दिवसांच्या पुढं थकले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, तेही मासिक चक्रवाढ असं आहे. तेव्हापासून आकडा आणि कलम मी स्वतः बघते.

आणि एक, गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकू नका. तुम्ही सही केलेला गुप्ततेचा करार काढून वाचा आधी.

वाळूमास्तर
शिरोलीकर, ३१ वर्षं सँड लॅबला काढली, म्हणून विचारतो. तुमचं मॉइश्चरचं रजिस्टर कोण भरतं? मागचा महिना काढा आणि तो रकाना वरनं खाली वाचा. ओळीनं ३.५, ३.५, ३.५ असेल तर ते टेस्टिंग नव्हे, पुस्ती गिरवणं आहे. एआयला तेच खायला घातलं तर ते तरी काय सांगणार?

आणि नमुना मिक्सरजवळ घेताय की मोल्डिंग मशीनजवळ? दोन्हीकडं घेऊन बघा. गरम वाळूतलं पाणी वाटेतच वाफ होऊन उडतं.

शिरोलीकर
मास्तर, तुमचा मेसेज वाचला आणि रात्रीच रजिस्टर काढलं. २६ दिवस, दर तासाला नोंद, सगळीकडं ३.५. दोन ठिकाणी ३.६ आहे, ते बहुतेक पेन घसरलेलं. शाई एक, अक्षर एक, म्हणजे आख्खी शिफ्ट सुटताना एका बैठकीत लिहिलेली.

रजिस्टर भरणाऱ्या पोराला विचारलं, रागावलो नाही. म्हणाला, "मालक, चार लिहिलं की सुपरवायझर वर बोलावतो, आणि ३.५ लिहिलं की कोण काय म्हणत नाही." काय बोलणार!

काल दिवसभर स्वतः उभा राहिलो. सकाळी मिक्सरला ३.४, मशीनवर ३.३. दुपारी तीनला, परतीची वाळू हाताला चटका देत होती तेव्हा, मिक्सरला ४.४ आणि मशीनवर ३.५. मिक्सरवरचा गडी मूठ दाबून बघतो, कोरडी वाटली की अंदाजानं पाणी सोडतो. वाफ धरतीय कुठं, तर गार कोअरवर (पोकळीसाठी साच्यात बसवतात त्या वाळूच्या गाभ्यावर). भोकं पडणाऱ्या पार्टांचे कोअर दुपारीच बसतात, हे आम्ही कधी जुळवूनच बघितलं नव्हतं.

आता मशीनजवळ दुसरा मीटर ठेवलाय. आकडा वर गेला म्हणून कुणाला बोलावायचं नाही, हे सुपरवायझरला सांगितलंय. कास्टिंगवर तारखेबरोबर हीट नंबर उठवायला घेतलाय, म्हणजे डेबिट नोट आली की दिवस तरी कळेल. भोसरीकर म्हणतात तसं एका पंपाच्या बॉडीपुरतं तीन महिने बघतो.

लॅपटॉपवाल्याला फोन करून सांगितलं, तीन महिन्यांनी या. म्हणाला, जुना दोन वर्षांचा डेटा तरी पाठवा. म्हटलं, तो आम्हीच रद्दीत घातला असता, पण ऑडिटला लागतो.