गाजर-काकडीसोबत चक्क्याचं डिप

पार्टीच्या स्टार्टरसाठी कुणी मेयोनीजचं डिप सुचवतं. छानच लागतं, पण कच्च्या भाज्यांसोबत चक्का करून बघाच! दही रात्रभर फडक्यात टांगायचं, सकाळी त्यात ठेचलेला लसूण, मिरपूड, शेपूची कोवळी पानं बारीक चिरून आणि चमचाभर ऑलिव्ह ऑइल. मीठ अगदी वाढताना, नाहीतर पाणी सुटतं.

काकडीचा बियांचा भाग काढूनच लांब फोडी करा. गाजर-मुळा कापून अर्धा तास बर्फाच्या पाण्यात ठेवले की मस्त कुरकुरीत होतात, पण नंतर कोरडे पुसा. ओल्या फोडीवर डिप ठरतच नाही, ओघळून जातं. ब्रोकोली मात्र उकळत्या पाण्यात मिनिटभर घालून लगेच गार पाण्यात टाका. उग्रपणा कमी होतो, हिरवा रंगही खुलतो.